कामठ्यातले काळे लंगोट

१

चोरी झाली असती तर बरं होतं, असं शकुंतलाबाई म्हणायची. चोरीत वस्तू जाते, माणसाचं नाव तरी शाबूत राहतं. इथं सगळं उलटं झालं. वस्तू सगळ्या जागच्या जागी होत्या, दोरीवर ओळीनं वाळत होत्या, आणि नाव तेवढं गेलं.

वस्तू म्हणजे दुसरं काही नाही, तान्ह्या बाळाचे लंगोट. जुन्या धोतराचे, धुऊन धुऊन मऊ झालेले. कामठ्यात बाळाच्या बापाच्या, भूपेंद्रच्या अंगणात ते वाळत होते आणि प्रत्येकाच्या मधोमध काळा डाग होता, शाईची दौत कलंडावी तसा. भूपेंद्रची आई सुशिलाबाई माहेरी नात्यातलं लग्न आटोपून त्याच दुपारी नागऱ्याहून परतली. फाटकातून आत पाऊल टाकलं, दोरीकडे पाहिलं आणि तिचा आवाज चढला. शकुंतलाबाई म्हणजे बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणारी बाई. ती तेलाची वाटी हातात घेऊन बाहेर आली, तर सुशिलाबाईनं तिला दंडाला धरून फाटकाबाहेर काढलं. समोरच्या सरकारी नळावर बाया पाणी भरत होत्या. त्यांच्यासमोर सुशिलाबाईनं सांगून टाकलं की ही बाई लेकराच्या कपड्यांवर काहीतरी करून राहिली, हिला आता कोणी उंबऱ्यात घेऊ नका.

गावानं ऐकलं. अर्ध्या कामठ्याची पोरं जिच्या पायांवर पालथी पडून मोठी झाली, तिला बोलावणं येईना. ज्यांच्याकडे पोटुशी सून होती ती माणसं तर तिला पाहून रस्ता बदलू लागली. करणी हा शब्द तोंडावर कोणी उच्चारला नाही. पण न उच्चारलेला शब्द गावात किती जोरात फिरतो, हे काय सांगायला हवं?

शकुंतलाबाईची भाची रचना मुर्रीची. नागपुरात संशोधन करायची, पिढ्यान् पिढ्या रक्तातून उतरणाऱ्या दुर्मीळ आजारांवर. ज्या आजाराचा रोगी लाखात एखादा सापडतो, त्याच्या मागे ही बाई हात धुऊन लागायची. रजा टाकून चार दिवस घरी आली होती. मावशीबद्दल कानावर आलं तशी गाडी काढून थेट कामठा गाठलं. मावशी ओसरीवर बसली होती. हात रिकामे होते. रचनाला तेच सहन झालं नाही, कारण मावशीचे हात रिकामे तिनं कधी पाहिलेच नव्हते.

"तू रक्ताच्या नळ्या पाह्यते ना?" मावशी म्हणाली. "मंग आता लंगोट पाह्य. मी काही केलं नाई, एवढं सांगून राहिली. पन डाग कुठून आला थे मलेबी समजत नाई."

२

भूपेंद्र आणि रचना गोंदियाला एका कॉलेजात होते. त्यामुळे फाटक उघडायला अडचण आली नाही. तिला पाहून भूपेंद्र मात्र ओशाळला. उन्हाळी धानाच्या बांधीतून नुकताच आलेला होता, पाय चिखलानं भरलेले. खाटेवर बसवून त्यानं पाणी दिलं आणि खाली मान घालून सांगायला लागला.

त्याचं म्हणणं असं. शकुंतलाबाईवर त्याचा राग नव्हता. पण गोष्टी एकावर एक अशा बसल्या की त्याचाही नाइलाज झाला. पहिली गोष्ट, तिच्या पिशवीत बिब्बे सापडले. बिब्ब्याचा रस कापडावर पडला की काळा डाग पडतो आणि जन्मात जात नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. मध्ये एक दिवस शकुंतलाबाई आली नव्हती. त्या दिवशी लंगोट भूपेंद्रची बहीण डिंपल हिनं धुतले, आणि ते पांढरे स्वच्छ निघाले. तिसरी गोष्ट तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोरची. शकुंतलाबाईला काढलं आणि डाग बंद झाले.

"आता तूच सांग," भूपेंद्र म्हणाला. "मी कोणाचं तोंड धरू?"

रचनानं तिन्ही गोष्टी बोटांवर मोजल्या. तिच्या प्रयोगशाळेत असा पुरावा कोणी आणला असता तर तिनंही मान डोलावली असती. बाई असते तेव्हा डाग, बाई नसते तेव्हा डाग नाही. क्षणभर तिच्या मनात आलंच, मावशीचं वय झालं, काही चुकून तर झालं नसेल? आणि तो विचार आला म्हणून तिला स्वतःचा भयंकर राग आला. ह्याच हातांनी तिच्याही अंगात तेल जिरवलं होतं.

तिनं बाळ बघायला मागितलं. हर्षा, म्हणजे भूपेंद्रची बायको, बाळाला घेऊन बाहेर आली. पोरगं गुटगुटीत, मुठी आवळून झोपलेलं. रचनानं हलकेच दुपटं बाजूला केलं आणि बघितलं. कुल्ले लोण्यासारखे, फक्त जांघेत जुनी पुरळ वाळत आलेली.

बिब्बा अंगाला लागला की कातडी जळते, फोड येतात. बिब्ब्याचे लंगोट ह्या बाळाला दिवसभर बांधले असते तर ते असं झोपलं नसतं, साऱ्या गावाला जागं ठेवलं असतं. मावशीचे बिब्बे कशाला होते हे रचनाला ठाऊकच होतं. धानाच्या चिखलात जन्म गेलेल्या बायांच्या टाचांना भेगा पडतात, त्यांवर ती बिब्ब्याचं तेल लावायची.

एक पुरावा गळाला. पण दोन अजून उभे होते, आणि दोन्ही मावशीकडेच बोट दाखवत होते.

३

मग संशयितांची पाळी. तसे होतेच कितीसे?

एक रुख्मा. शेजारच्या गल्लीतली, न्हाऊ घालायचंच काम करणारी. शकुंतलाबाई गेल्यावर तिची घरं वाढली, म्हणून रचना आधी तिच्याकडे गेली. रुख्मानं आडपडदा ठेवला नाही. काम मिळालं थे बरं झालं, असं तोंडावर म्हणाली. पण सुशिलाबाईच्या अंगणात तिनं आजवर पाऊल टाकलं नव्हतं. शकुंतलाबाईच्या जागी तिला बोलावतील असं वाटलं होतं, तेही झालं नाही. बाळाला आता सुशिलाबाई स्वतः न्हाऊ घालते, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही, असं तिनं नाक मुरडून सांगितलं.

दुसरी डिंपल. ही गोंदियाला ब्यूटी पार्लरचा कोर्स करायची. घरात काळ्या मेहंदीचे कोन, केस काळे करायच्या पुड्या, सगळा काळा कारभार हिच्याच कपाटात. वहिनीशी पटत नसेल तर एखादी पुडी बादलीत टाकायला कितीसा वेळ लागतो? रचनानं तिला गोड बोलून अंगणातल्या धुण्याच्या दगडाजवळ नेलं आणि विचारलं, त्या दिवशी तू लंगोट धुतलेस ते कसे धुतलेस.

डिंपल हसायला लागली. "सच बोलू दीदी? मी कुठं धुतले? बाळानं केलं की लगेच नळाखाली धरायची, पिळायची अन् टाकायची दोरीवर. साबण नाही, काही नाही. मम्मीला नका सांगू."

"आणि शकुंतला मावशी?"

"बापरे, त्या बाईचं तर पुराणच. रात्रभरचे लंगोट जमा करायचे, मोठ्या टपात गरम पाणी, त्यात धुण्याचा सोडा, मग भिजत घालायचे. मग बाळाची आंघोळ, मग भाभीची. मग येऊन आपटायचे."

रचना त्या दगडाकडे बघत राहिली. जी कामचुकारपणा करते तिचे लंगोट पांढरे, जी जीव ओतून धुते तिचे काळे. ही गोष्ट तिला इतकी आवडली की ती उठून दोरीपर्यंत जाऊन आली. डागाचे लंगोट सुशिलाबाईनं जाळले होते, पण एक हर्षाच्या हाती लागला होता. तो रचनानं मागून घेतला. डाग बरोबर मध्ये होता, कडेला फिका, आणि त्याच टपात भिजवलेल्या झबल्यांवर, टोपऱ्यांवर एकही ठिपका नव्हता. ज्याला कपडे नासवायचे असतात तो लंगोटाच्या मधला भाग निवडून निवडून कशाला नासवेल?

आणि मग शेवटचा पुरावा. बाई गेली आणि डाग थांबले, ते कसे? हे तिनं हर्षाला विचारलं, एकटीला गाठून.

हर्षा खालच्या आवाजात म्हणाली, "लंगोटच नाही बांधत ना आता. डायपर बांधतात."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दवाखान्यातून घरी आल्यापासून बाळाला डायपरच होते, आणि ते आणायचा हट्ट कोणाचा, तर सुशिलाबाईचा. जी बाई भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या दोन काड्यांवरून भांडते, तिनं गोंदियाहून डायपरची पोतडी आणवली. वापरलेला डायपर दुसऱ्या कोणाला उचलू द्यायची नाही. स्वतः उचलून मागच्या खताच्या खड्ड्यात पुरायची. ऊन वाढलं तशी बाळाला पुरळ उठली. सुशिलाबाई लग्नाला गेली ती संधी साधून हर्षानं डायपर सोडले आणि शकुंतलाबाईनं धोतर फाडून लंगोट केले. सासू घरात नव्हती तेवढेच दिवस लंगोट होते, आणि तेवढेच दिवस डाग.

"फुफूचा जीव आहे हो बाळावर," हर्षा घाईनं म्हणाली. "मायही नाही मला, बाळंतपण तिनंच केलं."

रचनाचं लक्ष एकदम त्या शब्दावर गेलं. फुफू म्हणजे बापाची सख्खी बहीण.

"सुशिलाकाकू तुझी फुफू?"

"हो. मी मामाची पोरगी ना यांची. तिनंच मागितलं मला, बाबांकडे."

४

रचनाला हुरूप आला होता, आणि खरं सांगायचं तर लाजही वाटत होती. मावशीचं नाव पणाला लागलं होतं, आणि हिचं काळीज मात्र जत्रेतल्या पोरासारखं उड्या मारत होतं. जी गोष्ट तिनं वर्षानुवर्षं पुस्तकात वाचली, एकदाच कुठल्याशा परिषदेत फोटोत पाहिली, ती कामठ्यात दोरीवर वाळत होती की काय?

तिनं हर्षाला बाळाचा डायपर काढून धोतराचं फडकं बांधायला सांगितलं. बाळानं फार वाट पाहायला लावली नाही. रचनानं त्या ओल्या फडक्याचे दोन तुकडे केले. एका वाडग्यात नुसतं पाणी घेतलं, दुसऱ्यात सोड्याचं पाणी, आणि दोन्ही वाडगे ओसरीवर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवले. भूपेंद्र, हर्षा, डिंपल वाकून बघायला लागले. सुशिलाबाई आतून आली आणि दाराच्या चौकटीशी उभी राहिली. उकाड्यानं अंगाची लाही लाही होत होती, तरी तिचा पदर दोन्ही कानांवरून घट्ट ओढलेला होता. लुगडंही गडद जांभळं, जाडं. ओठ मिटलेले.

साध्या पाण्यातलं फडकं होतं तसं राहिलं. सोड्याच्या पाण्यातलं आधी चहासारखं झालं, मग कातासारखं, आणि बघता बघता काळं.

डिंपलनं तोंडावर हात ठेवला. ओसरीवर शकुंतलाबाई नव्हती, तिचा बिब्बा नव्हता, तिची सावलीसुद्धा नव्हती.

रचनानं शांतपणे समजावलं. आपण खातो त्या अन्नातला एक घटक बाळाच्या शरीरात पुरता मोडला जात नाही. तो लघवीतून बाहेर पडतो. हवा लागली की हळूहळू काळा होतो, सोडा-साबण लागला की झपाट्यानं. ह्या आजाराला अल्काप्टोन्युरिया म्हणतात. खात्रीसाठी नागपूरला तपासणी करावी लागेल, पण तिला फारशी शंका उरली नव्हती. लहानपणी ह्याचा त्रास नसतो. पोरगं खेळेल, शाळेत जाईल, दंगा करेल. चाळिशीच्या आसपास मात्र कंबर आणि गुडघे धरायला लागतात, कानाच्या कुर्च्या निळ्या-काळ्या पडतात. आता त्यावर औषधही निघालंय, लक्ष ठेवलं तर पुष्कळ करता येतं.

हर्षाचे डोळे भरून आले. भूपेंद्रनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "पण हे आलं कुठून?"

"आईबापांकडून," रचना म्हणाली. "दोघांकडूनही यावं लागतं. एकाकडूनच आलं तर झाकलेलं राहतं, कधी दिसत नाही."

हे बोलता बोलता तिची नजर चौकटीकडे गेली. सुशिलाबाई वळून आत चालली होती. एक हात कमरेवर, गुडघे न वाकवता, पाठ फळीसारखी ताठ. पन्नाशीतली बाई, आणि चालणं ऐंशीचं.

५

स्वयंपाकघरात सुशिलाबाई चुलीकडे तोंड करून बसली होती. चूल पेटलेली नव्हती. रचनानं दार लोटून घेतलं आणि तिच्याजवळ पाटावर बसली.

"काकू," ती म्हणाली, "पदर जरा मागं घ्या. मी कोणाला सांगणार नाही. तो माझा धर्मच नाही."

सुशिलाबाईनं आधी लोटलेल्या दाराकडे पाहिलं. मग तिनं पदर मागं सारला. दोन्ही कानांच्या कडा निळ्या-काळ्या होत्या, पाटीवर पुसलेल्या शाईसारख्या.

ती बोलायला लागली तेव्हा आवाज अगदी साधा होता. लहानपणी माय तिला मारायची, कपड्यावर कायले काळं लावतेस म्हणून. पुढं मायलाच समजलं आणि ती भ्याली. कोणाले सांगू नको, लगन होणार नाही, असं बजावलं. तेव्हापासून सुशिलाबाईनं आपले कपडे कधी कोणाला धुवू दिले नाहीत. नवरा गेला, त्यालाही कळलं नाही. दवाखान्यात बाळाचं पहिलं कापड तिनंच बदललं आणि थोड्या वेळानं काळं झालेलं पाहिलं, तेव्हा तिच्या पायांखालची जमीन सरकली.

"म्हणून डायपर. आणि दोरीवर लंगोट दिसले तेव्हा?"

"तेव्हा मले काही सुचलं नाई. गाव पाहून राहिलं होतं. कोनाचं तरी नाव घ्यावंच लागत होतं, अन् शकुंतला समोर उभी होती." ती थांबली. "अन् तिचं नाव घेतलं तर लोक लवकर मानतात, थेबी मले मालूम होतं."

शकुंतलाबाई बौद्ध वस्तीतली होती म्हणून लोक लवकर मानतात, हे दोघींनाही माहीत होतं. रचनाला ह्या बाईचा संताप आला आणि त्याच वेळी तिचे कान बघवेनात.

मग सुशिलाबाईनं तो प्रश्न विचारला.

"मी तर सांभाळूनच होती, बाई. परकी पोरगी आनली असती तर घरातलं बाहेर गेलं असतं. म्हनून भावाची पोरगी मागितली. घरचीच आहे, समजलं तरी झाकून राहील. भूपेंद्रले तर काहीच नाई. मंग ह्या लेकराले काऊन आलं?"

रचनाला उत्तर माहीत होतं. ते गिळून टाकावं असंही तिला वाटलं. पण हर्षाची पुढची बाळंतपणं होती, नागऱ्याची भाचरं होती. खोटं बोलून चालणार नव्हतं.

"काकू, बियाणं एकाच कोठीतलं होतं. तुमच्याकडून एक वाण भूपेंद्रकडे आला, पण बापाचा चांगला होता म्हणून झाकला गेला. तुमच्या भावाकडेही तो असणार, तो हर्षाकडे आला, तोही झाकलेला. इथं दोघं एकत्र आले."

"परकी असती तर?"

"तर बहुतेक आलं नसतं."

सुशिलाबाईनं पदर पुन्हा कानांवर घेतला नाही. ती तशीच बसून राहिली, आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत राहिलं. झाकायला म्हणून जे केलं होतं, त्यानंच उघडं पाडलं होतं.

"मी गावात एक शब्द बोलणार नाही," रचना उठताना म्हणाली. "तुमचा आजार तुमचा आहे. पण मावशीचं नाव तुम्ही नळावर घालवलंय. ते मला परत आणता येत नाही."

६

मावशीला तिनं एवढंच सांगितलं की डाग तुझा नाही, हे मला कळलंय आणि त्या घरालाही कळलंय. बाकी विचारू नको. मावशीनं विचारलं नाही. "घराले समजून काय फायदा," एवढंच म्हणाली. तिचं नाव त्या घरात गेलंच नव्हतं, गेलं होतं ते नळावर.

सकाळी पाणी आलं. नळावर बायांची ही गर्दी, रुख्माही त्यात होती. शकुंतलाबाईचा गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, नळाखाली लागला तशा आजूबाजूच्या दोघी सरकून उभ्या राहिल्या, हे रचनानं पाहिलं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ओठांवर आलेलं सगळं तिनं मागं ढकललं, कारण तिनं शब्द दिला होता.

तेवढ्यात समोरचं फाटक वाजलं. सुशिलाबाई बाहेर आली. कंबर धरून, एक एक पाऊल टाकत ती नळापाशी आली. हातात कालचं काळं फडकं होतं. तिनं ते सगळ्यांना दिसेल असं धरलं, आणि दुसऱ्या हातानं पदर डोक्यावरून पार खांद्यावर टाकला. सकाळच्या उन्हात ते निळे-काळे कान सगळ्या गावानं पहिल्यांदा पाहिले.

"हा डाग लेकराचा आहे," ती म्हणाली. "अन् त्याले माझ्याकडून आला. मले जन्मापासून आहे. शकुंतलेनं काही केलं नव्हतं. मी खोटं बोलली."

नळाचं पाणी तेवढं गुंडात पडत होतं. सरकून उभी राहिलेली एक बाई मुकाट्यानं परत जवळ आली.

शकुंतलाबाईनं गुंड काठोकाठ भरू दिला. नळ बंद केला. लुगड्याला हात पुसले आणि सुशिलाबाईच्या कानांकडे, मग तिच्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं.

"पानी गरम ठेवा," ती म्हणाली. "लेकराले न्हाऊ घालाले मी येऊन राहिली. पन लंगोट आता तुमीच धुवा."